सर्वानुमते

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्री एक वाजता टाकलेला तुझा मेसेज सकाळी डेअरीला दूध घालायला जाताना वाचला. 'तात्या, माझं चुकलं का लोकांचं?' खाली सरपंचपदाच्या राजीनाम्याचंही लिहिलंयस. खचू नकोस, सगळं ठीक होईल, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुला सोसायटीचा चेअरमनपण सांगेल. मी एवढंच विचारतो. पुराच्या ज्या रात्री ट्रॅक्टर आधी पाणंदीच्या वस्तीकडं पाठवलास आणि खालच्या गल्लीतली माणसं सहा तास स्लॅबवर भिजत बसली, त्या रात्री तू वहीत काय लिहिलंस?

फोनवर म्हणालीस, 'वेळ कुठं होता?' होता. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला ग्रुपवर फिरवायला होता ना? 39 फूट इशारा, 43 धोका. सांगलीच्या आयर्विन पुलाला 40 आणि 45. शिरोळ तालुक्यात हे आता शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं. नदीचं आपण इंचात मोजतो. आपण काय बोललो, कशाच्या जोरावर बोललो, याची मात्र कुठंच नोंद नसते. त्याच रात्री लिहायचं. दोन ओळी. पेननं, पेन्सिलनं नव्हे. उद्या ती चूक दुसऱ्या कुणाची तरी झालेली असते.

आता माझं ऐक. 2019 ला तू कॉलेजात होतीस, मी सरपंच होतो. शाळेच्या भिंतीवर 2005 च्या पुराची रेघ आहे, ती मीच ऑइलपेंटनं आखली होती. 'ह्याच्या वर पाणी येत नाही' हे मी चौदा वर्षं इतक्या वेळा बोललो होतो, की ते मला नदीनंच सांगितलंय असं वाटायला लागलं होतं. ऑगस्टचा पहिला आठवडा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कुणाला विचारून उघडत नाहीत, धरण भरलं की उघडतात. कोयनेतून विसर्ग चालू, वारणेतून चालू. नृसिंहवाडीला कृष्णाच एवढी फुगलेली, की पंचगंगेचं पाणी पुढं सरकायलाच तयार नाही. हे सगळं मला दिसत होतं बरं. संध्याकाळी सहाला मारुतीच्या देवळात बसलो. जनावरं माळावर हलवायची का, असा प्रश्न निघाला. मी म्हणालो, 'रेघेच्या वर येत नाही. राहू देत.'

वरच्या गल्लीत एक घर होतं. घरधनी इचलकरंजीला मागावर कामाला. रस्ते बंद झाले आणि तिकडंच अडकला. घरी बायको आणि म्हातारी. त्यांना पोराकरवी निरोप गेला, जनावरं हलवायची नाहीत. पहाटे रेघ बुडाली. माणसं आम्ही गुळाच्या काहिलीत बसवून काढली. गोठ्यात चार म्हशी दाव्याला होत्या. सोडल्या असत्या तर पोहून तरी गेल्या असत्या. पाणी उतरल्यावर मी बघायला गेलो तेव्हा दावी तशीच खुंट्याला होती, ताणून ताणून काथ्याचा एकेक पीळ उलगडलेला.

त्या रात्री, पाणी चढायच्या आधी, मी वहीत लिहिलं होतं. दोनशे पानी शाळेची वही, अजून आहे माझ्याकडं, कडा फुगलेल्या. 'जनावरं हलवायची नाहीत. मी सांगितलं.' 2021 ला परत पाणी आलं, माडीवर सामान चढवताना ती वही हाताला लागली. 'मी सांगितलं' वर काट मारलेली. वर वेगळ्या शाईनं: 'सर्वानुमते ठरलं.' अक्षर माझंच. कधी लिहिलं, आठवत नाही. पंचनाम्याच्या गडबडीत असेल.

ती काट दिसेपर्यंतची दोन वर्षं मी चावडीत बसून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला शिव्या घालत होतो. अलमट्टीचा हिशेब इंजिनिअर लोकांनी करावा, तो वाद मिटलेला नाही. पण देवळातलं ते वाक्य अलमट्टीनं म्हटलं नव्हतं. म्हणून सांगतो, त्याच रात्री लिही, आणि लिहिलेल्याला हात लावू नकोस.

तू म्हणशील, माझी आणि तुझी गोष्ट वेगळी. आहेच. तुझ्याकडं माणूस गेलं नाही, जनावर गेलं नाही. एक लक्षात घे, माझ्या वेळेला लाइट नव्हती, टॉवर बंद, बोट यायला दीड दिवस लागला. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. आमच्या गावात एक माणूस गेलं नाही. रेघ बघून माझ्या जागी दुसरा कुणीही तेच बोलला असता. देवळात एकानंसुद्धा 'नको' म्हटलं नाही. ग्रामसेवकानंही नाही.

बघ, झालं सुरू. सहा वर्षांनीही 'सर्वानुमते'च लिहितोय. वरचा परिच्छेद खोडत नाही, तसाच ठेवतो, तुला कळावं म्हणून.

ग्रामसभेत जे शिव्या देत होते त्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. त्यातल्या निम्म्यांना सानुग्रह अनुदानाच्या यादीत नाव पाहिजे, दुसरं काही नाही. राजीनाम्याचंही आत्ता बोलू नकोस. राजीनामा दिलास की ती रात्र कायमची लोकांच्या तोंडी जाणार, तुझी राहणार नाही. आधी लिही. ट्रॅक्टर तिकडं का पाठवलास? वस्तीवर तुझं माहेर आहे म्हणून? असेल तर तसं लिही. रस्ता खरंच आधी तिकडचा बुडणार होता म्हणून? मग ते तुला कुणी सांगितलं, किती वाजता, ते लिही. उशीर झालाय हे मला कळतं. तारीख आजचीच घाल, मागची घालू नकोस. गोड लागणार नाही. मलाही लागलं नाही.

रविवारी येतो. सकाळी नऊच्या आत, नंतर तुझ्या दारात गर्दी असते. माझी वही आणतो, तू तुझी आण. लिहिलं नसलंस तर कोरी घेऊन बस, मी चहा पिऊन होईस्तोवर लिहायचं.

तो मागवाला रोज डेअरीच्या रांगेत असतो. आता एकच म्हैस आहे, तीन लिटर घालतो. मला बघून बाजूला सरतो आणि म्हणतो, 'तात्या, तुम्ही घाला आधी.' त्याला अजून वाटतं, त्या दिवशी देवळात सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

तुझा,
तात्या