किल -९ देऊनही प्रोसेस जात नाही, काय करू?
महापेच्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर किल -९ (जबरदस्तीने बंद करायची कमांड) मारूनही प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, दिसतेच म्हणताय, तर आधी पीएस ऑक्स (ps aux, सगळ्या प्रोसेसची यादी) चालवा आणि स्टॅट (स्थिती) कॉलम बघा. तिथे झेड (Z) असेल तर ती झॉम्बी, म्हणजे मेलेलीच आहे, तिला अजून किती मारणार! पॅरेंटने (तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने) तिचं एक्झिट स्टेटस (कशी संपली याची नोंद) उचललेलं नाही एवढंच, मेमरी खात नाही, फक्त पीआयडी (प्रोसेसचा नंबर) अडवून बसते. पीएस -ईएफ (ps -ef) मध्ये पीपीआयडी (पॅरेंटचा नंबर) बघून पॅरेंट रिस्टार्ट करा, जाईल.

स्टॅटमध्ये डी (D) दिसला तर खरी डोकेदुखी, डिस्क नाहीतर नेटवर्क शेअरची वाट बघत कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) अडकलीय, किलचा सिग्नल तोपर्यंत पेंडिंगच, त्यामुळे आधी माउंट (जोडलेली डिस्क किंवा शेअर) जिवंत आहे का बघा. टॉप कमांडमध्ये लोड (कामाचा भार) चढलेला पण सीपीयू रिकामा दिसतोय? मग बहुतेक हेच, लिनक्स डी वाल्यांनाही लोडमध्ये मोजतं.