खाडीची झाडं, बिघडलेली माती आणि अडवलेली फी

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझा प्लेटिंगचा (धातूवर क्रोम-निकेलचा मुलामा देण्याचा) छोटा कारखाना आहे, घर ऐरोलीत. मुलगी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाली, 68 टक्के. तिने एमबीए करून धंदा बघावा ही माझी इच्छा. तिला खाऱ्या जमिनीतल्या झाडांवर एम.एस्सी. करायची आहे. म्हणते, कारखान्यांनी खराब केलेल्या मातीतले धातू ही झाडं शोषून घेतात आणि तीन वर्षांत जमीन स्वच्छ होते. माझ्याच पैशावर शिकून माझ्याच धंद्याकडे बोट दाखवते. एमबीए नाही तर फी नाही, असं मी सांगून टाकलंय. तिला समजवा.

उत्तर : नमस्कार. 68 टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुम्ही फी अडवल्याची. फीच्या जोरावर मुलीचं मत बदलून घेणं मला मान्य नाही, आणि त्या कामात मी तुम्हाला मदत करणार नाही. अशाने ती एमबीएला जाईलही, उद्या कारखान्यात येऊन बसेलही. पण मनाविरुद्ध बसलेलं माणूस तुमच्या धंद्यात किती महागात पडतं हे तुम्ही जाणता. बाथचा (मुलाम्याच्या द्रावणाचा) पीएच, म्हणजे आम्लता, कुणी लक्ष देऊन पाहिला नाही की अख्खा लॉट परत येतो.

'बोट दाखवते' हे तुमच्या मनाला फार लागलेलं दिसतं. पत्र पुन्हा वाचून बघा. तुमच्या कारखान्याविषयी ती वाईट बोलल्याचं एकही वाक्य त्यात नाही. एका बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरं, यांच्या मधे ती वाढली. क्रोम, निकेल ही नावं तिने बहुधा तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली असतील. विषय तिला घरातूनच मिळालाय आणि तुम्ही तो आरोप म्हणून ऐकताय. तिला एकदा विचारा, तिला नेमकं काय करायचंय. पत्रावरून तरी तुम्ही ते विचारलेलं दिसत नाही.

आता तिची चूक, आणि हा भाग तिला जरूर वाचायला द्या. तीन वर्षांत जमीन स्वच्छ होत नाही. एक हेक्टर जमिनीचा वरचा 20 सेंटीमीटरचा थर धरला तर माती सुमारे 2,600 टन. किलोमागे 10 मिलिग्रॅम कॅडमियम (एक विषारी धातू) असेल तर एकूण 26 किलो. ते निम्म्यावर आणायला 13 किलो बाहेर काढावं लागेल. हेक्टरी वर्षाला 10 टन वाळलेला पाला मिळाला आणि त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅम कॅडमियम चढलं, तर वर्षाला निघतं 200 ग्रॅम. म्हणजे 65 वर्षं! शिवाय खाऱ्या जमिनीतली बरीच झाडं धातू मुळांमध्येच अडवून ठेवतात, पानापर्यंत फारसा जाऊ देत नाहीत. म्हणून त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. मोहरीसारखी या कामाला वापरली जाणारी पिकं खाडीकाठच्या खारटपणात तग धरत नाहीत, तिथे मोरस आणि धापा ही खाऱ्या जमिनीतली झाडं वाढतात, माती धरून ठेवतात, दूषित धूळ उडू देत नाहीत, पावसाबरोबर गाळ वाहून जाणं कमी करतात. यातही एक अडचण आहे. मिठातल्या क्लोराइडशी जोडलं गेलं की कॅडमियम मातीतून सुटं होतं. मग झाडाला ते जास्त मिळतं, तसंच पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतंही. आणि कापलेला पाला खतात, शेळ्यांपुढे किंवा चुलीत जाता कामा नये. त्यात धातू जास्त निघाले तर तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्रातच पाठवायचा. मोरसची भाजी आपल्याकडे खातात, म्हणून अशा जागेवर फलक आणि कुंपण हवंच.

आता तुमचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) आठवा. हेक्झाव्हॅलंट क्रोम (क्रोमचं जास्त विषारी रूप) पीएच 2 ते 3 वर मेटाबायसल्फाइटने कमी विषारी रूपात उतरवायचं, मग चुना घालून पीएच साडेआठच्या आसपास नेऊन स्लज, म्हणजे गाळ, खाली बसवायचा. टाकीत हे काही तासांत उरकतं. तेच क्रोम जमिनीत मुरलं की पिढ्या जातात. हे तिला तुमच्याइतकं नीट कोण समजावणार?

म्हणून माझा सल्ला ना एमबीए, ना निव्वळ वनस्पतिशास्त्र. तिने पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी आणि मृदा-रसायन व उपकरणांवरचं विश्लेषण पक्कं करावं. प्रवेशाला सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रक्रिया, पुढे नेट, एम.टेक.कडे वळायचं तर गेटचा ईएस (पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकी) पेपर. झाड ओळखणं ती शिकली आहे, धातू अचूक मोजणं बाकी आहे, आणि या क्षेत्रात निकाल तिथेच फसतात. उदाहरणार्थ, आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रात मिठातलं क्लोरीन आणि यंत्रातला आर्गॉन वायू मिळून 75 वस्तुमानाचा आयन बनतो. आर्सेनिकचं वस्तुमानही 75. हेलियम सेल (असे आयन गाळणारा हेलियम वायूचा कप्पा) वापरून हे टाळलं नाही तर नसलेलं आर्सेनिक रिपोर्टमध्ये उमटतं.

प्रवेशाआधी तिने कॉलेजातल्या सरांच्या देखरेखीखाली एक कुंडी-प्रयोग करावा : मीठ वाढलं की झाड कॅडमियम किती घेतं, हे पाहायला. 5 किलो मातीच्या कुंड्या, मिठाच्या तीन पातळ्या : शून्य, 100 आणि 200 मिलिमोलर (लिटरला 5.85 आणि 11.7 ग्रॅम), प्रत्येकी पाच कुंड्या. मीठ एकदम घालू नये, दर दोन-तीन दिवसांनी 50 मिलिमोलरने वाढवावं, नाहीतर रोपं कोमेजतात. कॅडमियमचा क्षार प्रयोगशाळेतच हाताळायचा, घरच्या गॅलरीत अजिबात नाही. तो मिसळून माती महिनाभर ओली-सुकी होऊ द्यावी, कारण ताजा मिसळलेला धातू झाडाला सहज मिळतो आणि निकाल खोटा चांगला येतो. कुंडीखाली ट्रे, वर छप्पर. 60 दिवसांनी काढणी, मुळं 20 मिलिमोलर ईडीटीएमध्ये (धातू धरून घेणाऱ्या रसायनात) 15 मिनिटं धुवून 70 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. पानं न धुता तपासली तर चिकटलेल्या चिखलातला धातू पानाच्या नावावर जमा होतो. खाडीतून रोपं आणताना वनविभागाला विचारूनच. तिवरांखालची बरीच जमीन राखीव आहे.

नोकऱ्या मातीपाण्याच्या चाचणी प्रयोगशाळांत आणि पर्यावरण सल्लागार कंपन्यांत मिळतात, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. 2025 मध्ये केंद्राने प्रदूषित जागांसाठी नियम काढले आहेत. जागेची तपासणी आणि सफाईचा आराखडा करणारी माणसं त्यासाठी लागतील.

फी भरा. एमबीएचा विषय दोन वर्षांनी तिनेच काढला तर काढू दे, तोवर तुम्ही काढू नका.