शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मागे वळवाचा पाऊस वाजत होता आणि त्याच्याही वर तुझ्या लेकीचं रडणं. "बाई, दीड महिना आजोळी हुंदडली, आता शाळेचं नाव काढलं की भोकाड पसरते. मी ओरडतो आणि रात्री ती झोपली की मलाच वाईट वाटत राहतं," असं म्हणालास. फोनवर घाईघाईत दोन शब्द बोलले, पण मनाचं समाधान झालं नाही. चौतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, तुझा वर्गही त्यातलाच. जूनमधली रडणारी पोरं आणि फाटकाबाहेर घुटमळणारे आईबाप मी जवळून पाहिलेत, म्हणून आता नीट लिहिते.

आधी झोपेचं बघ. आजोळी अंगणात दहा-साडेदहापर्यंत गप्पा आणि सकाळी उन्हं वर आल्यावर उठणं, अशी तिची घडी बसली आहे. १४ जूनच्या रात्री आठ वाजता दिवे घालवून "झोप आता" म्हटलंस तर तिला झोप येणार कुठून? उद्यापासून उठायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आण. उठणं आधी बदल, झोप मागून आपोआप येते. उठवलंस की दूध प्यायला गॅलरीत घेऊन बस, सकाळच्या उजेडानंच शरीराचं घड्याळ जागेवर येतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं २०२४ साली सरकारनं सांगितलं खरं, पण तुमच्या सिंहगड रस्त्यावरून व्हॅनकाका तिला आठलाच घेऊन जाणार. मग रात्रीचं जेवण साडेसातला उरकायला हवं. घरातल्या सगळ्यांची जेवणं थोडी अलीकडे येऊ देत, तिला एकटीला ताटावर बसवू नका.

खरेदीला तिला बरोबर ने. अप्पा बळवंत चौकात शाळा उघडण्याआधीच्या रविवारी पाय ठेवायला जागा नसते, मधल्या वारी सकाळी दुकानं उघडता उघडता जा. वह्यांवरची लेबलं तिला निवडू दे. तुमच्या शाळेत बालभारतीची पुस्तकं आहेत ना? मग सेनापती बापट रस्त्यावरून जाताना तिला बालभारतीची इमारत दाखव. १९६७ पासून ही संस्था पुस्तकं काढते आहे, तुझं पहिलीचं पुस्तकही तिचंच होतं. आपल्या बाबांचं आणि आपलं पुस्तक एकाच घरातलं, हे कळलं की मुलाची पुस्तकाशी ओळख निघते. एका संध्याकाळी टीव्ही बंद करून सगळे मिळून कव्हरं घाला. खाकी कागदाला दुमड पाडताना कडेवरून नख फिरवायचं तिच्या हातात दे. वाकडी दुमड आली तर सरळ करू नकोस.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये, असा नियम आहे. तिचं वजन वीस किलो धर, म्हणजे दोन किलो झाले. लिटरभराची बाटली काठोकाठ भरलीस की त्यातला एक किलो पाण्यातच गेला. शाळेत प्यायचं पाणी चांगलं असेल तर अर्धी बाटली पुरे.

आता डबा. एका वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा सलग चार दिवस डबा जसाच्या तसा घरी नेत होता. आई बिचारी रोज भाजी बदलून बघत होती. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. डबा मांडीवर, दोन्ही अंगठे कडीखाली. नखं पांढरी पडेपर्यंत जोर लावला, कडी हलली नाही. इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि डबा गुपचूप दप्तरात ठेवला. शेजारच्या पोराला उघडता येतो, आपल्याला येत नाही, हे त्याला सांगवत नव्हतं. घरी त्याची आई रोज डबा स्वतः उघडून द्यायची, म्हणून हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हा डब्याची कडी, बाटलीचं बूच, रेनकोटची बटणं, बुटाचा पट्टा हे सगळं या आठवड्यात घरी तिला एकटीला करू दे. तू शेजारी बस आणि हात मागे ठेव. पहिलीतल्या मुलाची निम्मी भीती अशा गोष्टींची असते, आणि ती भीती ते कधी बोलून दाखवत नाही.

तू स्वतः सोडायला गेलास आणि ती शाळेच्या फाटकाशी रडली तर जवळ घे, "साडेतीनला मी इथंच असेन" असं सांग आणि नीघ. तिचा डोळा चुकवून पळू नकोस. एकदा असं निसटलास की दुसऱ्या दिवशी ती तुझा शर्ट सोडणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास सांभाळ. सहा वर्षांचं पोर दिवसभर स्वतःला आवरून बसलेलं असतं. रांगेत उभं राहायचं, हात वर करून बोलायचं, शू लागली तरी विचारायचं. घराचं दार दिसलं की तो सगळा ताण सुटतो. मग चप्पल भिरकावली जाते, पोह्यात कांदा आहे म्हणून रडारड होते. शाळेत शहाण्यासारखं वागलेलं मूलच पुष्कळदा घरी येऊन असं करतं. तो उद्धटपणा नसतो रे, थकवा असतो.

हे मला बाई असून कळलं नव्हतं. माझा मुलगा दुसऱ्या शाळेत होता. तो आला की मी दारातच दप्तर घ्यायची, वही उघडायची आणि विचारायची, "आज काय शिकवलं? हे अर्धवट का?" वर्गात चाळीस मुलांना जो धीर दिला, तो त्याला दिला नाही. चौथीत जाईपर्यंत तो घरी शाळेबद्दल बोलेनासाच झाला. मग एकदा मला ताप भरला आणि चार दिवस मी नुसती पडून होते. तिसऱ्या दिवशी तो कॉटच्या कडेला येऊन बसला आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाबद्दल आपणहून तासभर बोलला. मी विचारलं काहीच नव्हतं. ते आठवलं की अजून माझ्या पोटात तुटतं.

म्हणून ती आली की पाणी दे, खायला दे आणि शेजारी नुसता बस. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. दप्तराला हात लावू नकोस. पहिले पंधरा दिवस दोघांपैकी एकानं तरी त्या वेळी घरी राहायचं बघा, एक दिवस तू, एक दिवस सूनबाई. सगळा भार तिच्यावर टाकू नकोस. बोलायचं असेल ते रात्री अंथरुणावर, दिवा घालवल्यावर बाहेर येतं.

आजोळची आठवण काढली तर विषय बदलू नकोस, आजीला फोन लावून दे. पालख्या मुक्कामाला आल्या की तिला खांद्यावर घेऊन वारकरी दाखव, अभ्यास बुडाला तरी चालेल. आणि तीन-चार आठवडे उलटूनही रोज सकाळीच पोट दुखत असेल, रविवारी मात्र दुखत नसेल, तर तिच्या बाईंना जाऊन भेट. तक्रार घेऊन जाऊ नकोस, "वर्गात ती कशी असते?" एवढंच विचार.

येत्या रविवारी तिला घेऊन माझ्याकडे ये. खाकी कागदाची गुंडाळी आहे माझ्याकडे, विकत घेऊ नकोस. तिचा नवा डबाही आण. तिला तो उघडता येतो का, ते मला बघायचं आहे.

तुझ्या बाई