माझाच कोड मला कळेनासा झालाय

प्रश्न: तीन वर्षं मी एकटाच एक बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितोय. आता दोघं नवीन आलेत, आणि दोघांचंही म्हणणं एकच, हा गुंता सुटणार नाही, सगळं नव्याने लिहू. खरं सांगायचं तर सहा महिन्यांपूर्वीचं माझं मलाच कळत नाही. रीराईटला हो म्हणू का?

उत्तर: आत्ता तरी नको. कोडमध्ये तो जो विचित्र 'इफ' (असं असेल तर तसं कर, अशी अट) दिसतोय ना, तो बहुतेक कुणाच्या तरी तक्रारीनंतर आलेला असतो, रीराईटमध्ये पहिला तोच उडतो आणि तीच तक्रार परत येते.

सॉफ्टवेअर बनवण्यावर लिहिणारे फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये गुंतागुंतीचे दोन प्रकार सांगितले होते, एक मूळ कामातच असलेली आणि दुसरी आपण वरून आणलेली. अर्धवट रिफंड, रद्द झालेलं बिल, कर, ही पहिली, नव्याने लिहूनही जाणार नाही. दुसरीचं मात्र बघता येतं. तुमच्या बिल बनवणाऱ्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याला, सहा ट्रू-फॉल्स फ्लॅग, म्हणजे हो-नाहीचे स्विच, असतील (असतातच हो!) तर ६४ कॉम्बिनेशन्स झाली, त्यातली टेस्ट किती केलीत? हे फ्लॅग येतात कुठून, तर दोन कामं सारखी दिसली म्हणून आपण घाईने एकत्र करतो, मग एकाला थोडं वेगळं हवं होतं म्हणून एक फ्लॅग, मग अजून एक. मीही हे भरपूर केलंय. आता रिफंडचं वेगळं फंक्शन काढा, साध्या बिलाचं वेगळं, चार ओळी रिपीट झाल्या तर होऊ द्या.

आणि राउंडिंग, म्हणजे रक्कम जवळच्या आकड्यावर आणणं, किती ठिकाणी होतंय ते शोधा. जो निर्णय उद्या बदलू शकतो तो एकाच जागी झाकून ठेवायचा, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास १९७२ मध्येच सांगून गेलेत, तरी आपण राउंडिंग प्रत्येक स्क्रीनवर वेगळं करतो आणि मग बेरीज का जुळत नाही म्हणून रात्र घालवतो.

टीमचं म्हणाल तर एकट्याला डोक्यात ठेवून चालतं (तेही सहा महिनेच, ते तुम्ही बघितलंत), पण तिघांत बोलायच्या जोड्या ३ होतात आणि आठ जणांत २८, एवढ्या जणांना तोंडी सांगत कुठे बसणार. म्हणून कमिट मेसेजमध्ये (बदल साठवताना लिहायची टीप) 'बग फिक्स' लिहू नका, 'ओळीवार राउंडिंग केलं कारण छापील बिलाची बेरीज जुळत नव्हती' असं लिहा. काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडच्या तुलनेत) दिसतंच, का बदललं ते फक्त तुम्हाला माहितीये.

नवीन आलेल्या दोघांचा फायदाच घ्या. पुढचे दोन आठवडे ते जिथे 'हे असं का?' विचारतील तिथे नुसतं सांगून सोडू नका, लगेच नाव बदला, नाहीतर कारणाची एक ओळ लिहा, नाहीतर त्या जागी एक टेस्ट टाका. रीराईटचं मग बघा, तोपर्यंत नक्की कुठला भाग त्रास देतोय हे तिघांनाही कळलेलं असेल.