शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचं विद्यापीठ अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या गटात कसं खेळतं?

तुम्ही विचारलंय की नफा कमावण्यासाठी चालवलेलं विद्यापीठ अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च गटात, म्हणजे एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये, खेळतं हे खरं आहे का, ते तिथे पोचलं कसं, आणि त्याला खेळू द्यावं का.

खरं आहे. २०१८ पर्यंत तर शब्दशः खरं होतं. त्यानंतर काय झालं ते पुढे सांगतो. विद्यापीठाचं नाव ग्रँड कॅनियन युनिव्हर्सिटी, शहर फिनिक्स, राज्य ॲरिझोना. मी फिनिक्सला लागूनच असलेल्या चँडलरमध्ये चौदा वर्षं राहतोय. मुलाला बास्केटबॉलचं वेड लागलं तेव्हापासून त्यांच्या मैदानात आमच्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या आहेत. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

ही संस्था काही मुळातली कंपनी नव्हे. १९४९ मध्ये ॲरिझोनातल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी प्रेस्कॉट गावात एक छोटं ख्रिस्ती कॉलेज काढलं आणि १९५१ मध्ये ते फिनिक्सला हलवलं. बास्केटबॉलची परंपरा तेव्हापासूनची. छोट्या कॉलेजांची एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे, तिचं विजेतेपद त्यांनी १९७५, १९७८ आणि १९८८ अशा तीन वेळा जिंकलं होतं. २००४ मध्ये मात्र कॉलेज दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं आणि गुंतवणूकदारांच्या एका गटाने ते विकत घेतलं. २००८ मध्ये ग्रँड कॅनियन एज्युकेशन या नावाने कंपनी शेअर बाजारात उतरली. एका शेअरचा भाव होता १२ डॉलर. दहा वर्षांत तो शंभरच्या वर गेला. संघाला ‘लोप्स’ म्हणतात, अँटिलोप या हरणासारख्या प्राण्याच्या नावाचं लाडकं रूप. बाजारातली कंपनीची खूणही तीच, एल-ओ-पी-ई. खेळ आणि शेअर यांचं नातं याहून उघडपणे कुणी सांगितलं नसेल.

२००८ मध्येच ब्रायन म्युलर कंपनीचे प्रमुख झाले. ते आले युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स चालवणाऱ्या अपोलो ग्रुपमधून, म्हणजे ऑनलाइन पदव्यांच्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या घरातून. पण ते स्वतः कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले आणि नंतर प्रशिक्षक राहिलेले. त्यांचं गणित मला सुरुवातीपासून स्पष्ट दिसत आलंय. पैसा ऑनलाइन विद्यार्थ्यांकडून येणार. पण ज्या पदवीमागे एखादं खरंखुरं कॅम्पस, वसतिगृहं आणि टीव्हीवर दिसणारा संघ आहे, ती पदवी घ्यायला माणूस जास्त विश्वासाने तयार होतो. २०११ मध्ये त्यांनी ५,००० आसनांचं बंदिस्त मैदान बांधलं आणि २०१४ मध्ये ते ७,००० पर्यंत वाढवलं.

आता मुख्य प्रश्न, प्रवेश कसा मिळाला. डिव्हिजन वनमध्ये जायचं तर आधी तिथल्या एखाद्या कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या साखळीचं, निमंत्रण लागतं. एरवी असं निमंत्रण मिळणं अवघड. पण २०१२ मध्ये वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सची अवस्था बिकट होती. बॉइझी स्टेट आधीच गेलेलं. मग फ्रेस्नो स्टेट, नेवाडा, हवाई, युटा स्टेट, सॅन होजे स्टेट, लुइझियाना टेक असे सगळे एकेक करून दुसरीकडे निघाले. फुटबॉल बंद करायची वेळ आली. साखळी जिवंत ठेवायला सभासद हवे होते, आणि ग्रँड कॅनियनकडे पैसा होता, मैदान होतं, इच्छा होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये निमंत्रण आलं, १ जुलै २०१३ पासून ते लागू झालं. खालच्या डिव्हिजन टूमध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था आधीपासून खेळत होत्या, सॅन फ्रान्सिस्कोचं अकॅडमी ऑफ आर्ट हे त्यांतलं एक. तिथे कुणी ब्र काढला नव्हता. वरच्या गटात पाऊल टाकणारी पहिली संस्था ग्रँड कॅनियन, आणि तेव्हा मात्र गदारोळ झाला.

जुलै २०१३ मध्ये पॅक-१२ या बलाढ्य साखळीच्या विद्यापीठ-प्रमुखांनी एनसीएएला पत्र लिहून फेरविचाराची मागणी केली. शेअरहोल्डरांना जबाबदार असलेल्या संस्थेच्या शैक्षणिक ध्येयात खेळ बसतो कसा, हा त्यांचा आक्षेप. त्यात पुढे होते ॲरिझोना स्टेटचे मायकेल क्रो. त्यांचं विद्यापीठ टेंपीत, ग्रँड कॅनियनपासून गाडीने अर्ध्या तासावर. शेजाऱ्यांनी एकमेकांशी खेळणं ही कॉलेज बास्केटबॉलची सगळ्यात गोड गोष्ट. पण हे दोन संघ डिसेंबर २०२० पर्यंत एकमेकांसमोर आलेच नाहीत. आले तेव्हा ॲरिझोना स्टेट ७१-७० असं एका गुणाने जिंकलं. म्हणजे फिनिक्सच्या लोकांनी सात वर्षं अशा चुरशीला मुकायचं, ते एका तत्त्वापायी. तत्त्व खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण ते जिथे लावायला हवं होतं, तिथे लावलं गेलं नाही असं माझं मत आहे.

आक्षेपामागचं खरं दुखणं समजून घ्या. २०१२ मध्ये सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने नफ्यासाठी शिक्षण देणाऱ्या ३० कंपन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. ग्रँड कॅनियनही त्या तिसांत होती. या कंपन्यांनी मिळून जाहिरात आणि प्रवेशासाठीच्या विक्रीयंत्रणेवर उत्पन्नाच्या २२.७ टक्के खर्च केले होते, शिकवण्यावर १७.२ टक्के. आणि हे उत्पन्न बहुतांशी सरकारी विद्यार्थी-कर्जातून आणि अनुदानातून येणारं. अशा संस्थांनी उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपर्यंतच ही मदत घ्यावी असा नियम करावा लागला, यावरूनच काय ते कळतं. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंनी अशाच एका संस्थेतून (ग्रँड कॅनियन नव्हे, या राज्यातलीही नव्हे) रात्री जागून अर्धी पदवी केली. पुढे सरकारी कॉलेजात गेल्या तर त्यांचं एकही क्रेडिट धरलं गेलं नाही. कर्ज मात्र पूर्ण राहिलं. त्या अजून ते फेडताहेत. म्हणून कुणी ‘नफा कमावला तर बिघडलं काय?’ असं सहज विचारतं, तेव्हा मला त्या आठवतात.

पण एनसीएएला नफ्याचं वावडं होतं असं म्हणावं, तर तसंही नाही. पुरुषांच्या मार्च महिन्यातल्या स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांचा २०१० मधला करार १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा होता. अनेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. आणि एप्रिल २०१७ मध्ये याच स्पर्धेचा अंतिम टप्पा झाला आमच्या शेजारच्या ग्लेनडेलमध्ये, कुठल्या मैदानावर? युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स स्टेडियमवर. त्या विद्यापीठाचा एकही संघ नाही. त्याने २००६ मध्ये २० वर्षांसाठी १५ कोटी ४५ लाख डॉलर मोजून फक्त नाव विकत घेतलं होतं. म्हणजे नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठाचं नाव मैदानावर चालतं, आणि तशाच दुसऱ्या विद्यापीठाची मुलं त्या मैदानात खेळायला आली तर शैक्षणिक ध्येय धोक्यात येतं, हे मला कधीच पटलं नाही.

त्याची झळ बसली मुलांना. खालून वर येणाऱ्या संघाला तेव्हा चार वर्षांचा संक्रमणकाळ असे. त्या काळात तुम्ही कितीही जिंका, एनसीएएच्या स्पर्धेत स्थान नाही. हा नियम सगळ्यांनाच लागू होता, ग्रँड कॅनियनवर राग काढलेला नव्हता. तरी हिशोब करून पाहा, २०१३ मध्ये पहिल्या वर्षाला आलेला मुलगा २०१७ मध्ये शिकून बाहेर पडला आणि त्याला ती स्पर्धा खेळताच आली नाही. ३ डिसेंबर २०१६ ला लुइव्हिलसारखा दादा संघ प्रशिक्षक रिक पिटिनोंसह फिनिक्सला आला होता. आम्ही दोघे बापलेक वरच्या रांगेत होतो. जांभळ्या कपड्यांतले विद्यार्थी सामन्याच्या कितीतरी आधीपासून नाचत होते. त्या विद्यार्थी-गटाला ‘हॅवॉक्स’ म्हणतात आणि त्यांचा आवाज कानांत नव्हे, छातीत ऐकू येतो. ड्वेन रसेल नावाच्या बुटक्या, चपळ गार्डने त्या रात्री एकट्याने ४२ गुण केले. संघ ७०-७९ हरला, पण घरी जाताना कुणी हरल्यासारखं चालत नव्हतं. रसेलचं ते शेवटचं वर्ष. संघ पात्र झाला त्याच्या पुढच्या हंगामात.

पात्र झाल्यावरही दार लगेच उघडलं नाही. प्रशिक्षक होते डॅन माजर्ली, फिनिक्स सन्स या व्यावसायिक संघाचे जुने लाडके खेळाडू. साखळीची स्पर्धा जिंकली की एनसीएएच्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, पण लागोपाठ दोन वर्षं तिच्या अंतिम सामन्यात न्यू मेक्सिको स्टेटकडून हार. २०२० मध्ये माजर्ली गेले, ब्राइस ड्रू आले, आणि २०२१ मध्ये ग्रँड कॅनियन पहिल्यांदा एनसीएएच्या स्पर्धेतल्या ६८ संघांत पोचलं. आयोवाकडून हरलं. २०२३ मध्ये गोंझागाकडून. २२ मार्च २०२४ ला स्पोकेनमध्ये त्यांनी सेंट मेरीजला ७५-६६ असं हरवलं. त्या संघाचा आधार होता टायॉन ग्रँट-फॉस्टर. २०२१ मध्ये दुसऱ्या कॉलेजाकडून खेळताना मध्यंतरात हा मुलगा कोसळला होता, हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, वर्षाहून अधिक काळ खेळ बंद. त्याला पुन्हा मैदानात उतरवायला तयार झालं ते हे विद्यापीठ. त्याला धावताना पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या क्षणी शेअरचा भाव मला आठवला नाही हे प्रामाणिकपणे सांगतो.

पण तो आठवायला हवा, कारण खरी गोष्ट इथेच गुंतागुंतीची होते. १ जुलै २०१८ ला कंपनीने विद्यापीठ एका ना-नफा संस्थेला ८७.५ कोटी डॉलरना विकलं. पैसे कुठून आले? विकणाऱ्या कंपनीनेच घेणाऱ्याला कर्ज दिलं. वर करार असा की कंपनी प्रवेश, तंत्रज्ञान, समुपदेशन वगैरे सेवा पुरवेल आणि विद्यापीठ शुल्काच्या उत्पन्नातला ६० टक्के वाटा कंपनीला देईल. म्युलर दोन्हीकडे प्रमुख. हे वाचून महाराष्ट्रातल्या पालकांना काही आठवेल. आपल्याकडे कायद्याने नफ्यासाठी विद्यापीठ काढताच येत नाही. न्यास हवा, सोसायटी हवी किंवा कलम ८ ची ना-नफा कंपनी. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात माफक शिल्लक चालेल, नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, असं बजावलं. तरीही संस्था न्यासाची, जागा-इमारत घरच्यांची आणि भाडं न्यासाने भरायचं, अशी रचना कशी असते हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेच्या शिक्षण खात्यालाही ते समजलं. कर खात्याने ना-नफा मानलेल्या या विद्यापीठाला शिक्षण खात्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये तसं मानायला नकार दिला; कंपनीच्या भागधारकांचं भलं हाच सगळ्याचा हेतू दिसतो, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठ कोर्टात गेलं, खालच्या कोर्टात हरलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने खात्याने चुकीचा कायदेशीर निकष लावल्याचं सांगून निकाल फिरवला. मधल्या काळात, २०२३ मध्ये, पीएचडीच्या विद्यार्थ्यांना खर्चाबद्दल दिशाभूल केल्याच्या आरोपावरून खात्याने ३ कोटी ७७ लाख डॉलरचा दंड ठोठावला. विद्यापीठाने आरोप नाकारला, आणि मे २०२५ मध्ये नव्या सरकारच्या काळात तो दंड मागे घेतला गेला. या सगळ्या वर्षांत संघ निवांत खेळत होता, कारण एनसीएएच्या दृष्टीने हा प्रश्न संपलेला होता. २०२५ पासून ते माउंटन वेस्ट या अधिक तगड्या साखळीत खेळताहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझं उत्तर एकांगी होईल. कॅम्पसवर शिकणाऱ्यांचं शुल्क त्यांनी २००९ च्या सुमारास साडेसोळा हजार डॉलरवर गोठवलं आणि ते पुढे वर्षानुवर्षं वाढवलं नाही. या देशात असं दुसरं खासगी विद्यापीठ मला तरी दाखवता येणार नाही. पश्चिम फिनिक्सचा कॅमलबॅक रोडचा तो भाग मी आलो तेव्हा संध्याकाळनंतर लोक टाळत; आज तिथे मुलं सायकलींवर फिरतात. आणि ६० टक्क्यांचं म्हणाल, तर काही नामांकित ना-नफा विद्यापीठांनीही ऑनलाइन पदव्यांसाठी खासगी कंपन्यांना निम्म्याहून जास्त शुल्क देण्याचे करार केलेले आहेत. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यांत २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी दर विद्यापीठामागे एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हौशी खेळाचं सोवळं आता कुणाचंच राहिलेलं नाही.

तेव्हा खेळू द्यावं का? माझं उत्तर हो. संघाला दारावर अडवून माझ्यासोबतच्या त्या बाईंचं कर्ज एका डॉलरने कमी झालं नसतं, आणि रसेलसारख्या मुलांचं एकेक वर्ष मात्र गेलं असतं. एनसीएएने सभासदत्वासाठी ‘नफा की ना-नफा’ हा रकाना काढून टाकावा आणि त्याजागी एकच आकडा मागावा, तोही दरवर्षी, जाहीरपणे: विद्यार्थ्याने भरलेल्या प्रत्येक शंभर डॉलरांतले किती बाहेरच्या कंपनीकडे जातात आणि किती शिकवण्यावर खर्च होतात. ग्रँड कॅनियनला तो आकडा द्यावा लागेल. २०१३ च्या त्या पत्रावर ज्यांची नावं होती, त्यांनाही द्यावा लागेल.