आय-७३० भरून अकरा महिने झाले, मंजुरी नाही. चोपड्यात बसून आम्ही काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला अमेरिकेत आश्रय (असायलम) मिळून दीड वर्ष झालं. बायको-मुलांना तिकडे बोलावण्याचा आय-७३० अर्ज भरून अकरा महिने झाले. पावतीचा एक नंबर आहे आणि ऑनलाइन पाहिलं की ‘केस मिळाली’ एवढंच दिसतं. तुम्ही, एकोणीस वर्षांची मुलगी, चौदा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई चोपडा तालुक्यात आहात. लग्न २००४ चं, नोंदणी केलेली नाही. मंजुरी कधी येईल आणि तोवर काय करायचं?

ताई, मंजुरीचं नंतर बघू. मी ‘पावतीचा एक नंबर’ इथेच अडलो. आय-७३० हा एका माणसासाठी एकच असतो. बायको, मुलगी, मुलगा म्हणजे तीन अर्ज आणि तीन पावत्या. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे दहा आकडे असा प्रत्येकाचा वेगळा नंबर. तुमच्या नवऱ्याने तुमचा अर्ज भरून त्यात मुलांची फक्त नावं लिहिली असतील, तर मुलांचा अर्ज झालेलाच नाही. आश्रय मिळाल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत हा अर्ज जावा लागतो. मुदत उलटल्यावर मानवतेच्या कारणावरून सूट मागता येते, पण ती देणं अधिकाऱ्याच्या हातात. तुमच्या हिशेबाने अजून सहा महिने आहेत, म्हणून आज रात्रीच फोनवर तिन्ही पावत्यांचे फोटो मागवा. ‘तू आधी ये, मग तिथून मुलांसाठी भरू’ असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे. तुमचा दर्जा नवऱ्याच्या आधाराने मिळणार, त्यामुळे तुम्हाला स्वतः कुणासाठी आय-७३० भरता येत नाही. अर्जाला फी नाही, म्हणून पैशासाठी थांबायचंही कारण नाही.

आता थांबण्याबद्दल. ऑनलाइन स्थिती वर्षभर जागची न हलणं या अर्जात नेहमीचं आहे, त्यावरून काही बिघडलंय असा अर्थ काढू नका. यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, संकेतस्थळावर आय-७३० ला सध्या किती वेळ लागतो ते दिलेलं असतं. तुमची पावतीची तारीख त्या मुदतीच्या बाहेर गेली की नवऱ्याने तिथूनच चौकशी नोंदवायची. उत्तर मिळालं नाही तर त्यांच्या भागातल्या खासदाराच्या, म्हणजे काँग्रेस सदस्याच्या कार्यालयातून विचारणा करवता येते. त्याही पुढे कोर्टाचा रस्ता आहे, तो वकिलाशिवाय नको. मुदतीच्या आत असताना दर आठवड्याला फोन लावून काही मिळत नाही.

माझ्या अनुभवात फाईल अडते ती बहुतेक वेळा गावाकडच्या कागदांवर. नेमकं सांगायचं तर नवऱ्याने आश्रयाच्या मूळ अर्जात, आय-५८९ मध्ये, जे लिहिलं आणि तुमच्याकडचे कागद जे बोलतात, त्यांचा मेळ न बसल्यामुळे. म्हणून पहिलं काम: त्या आय-५८९ ची पूर्ण प्रत नवऱ्याकडून किंवा वकिलाकडून मागवा. बायको-मुलांच्या रकान्यात कुणाची नावं, कोणत्या तारखा, कोणतं स्पेलिंग ते बघा. घरचे सगळे कागद त्याच्या शेजारी मांडून जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या अर्जात कुणाचं नावच राहिलं असेल तर ते लपवायचं नाही. का राहिलं याचा खुलासा वकिलाकडून करून घ्यायचा.

लग्नाचं बघू. आश्रय मंजूर झाला त्या तारखेच्या आधी लग्न झालेलं असलं पाहिजे. २००४ चं आहे, म्हणजे हक्काचा प्रश्न नाही, प्रश्न पुराव्याचा आहे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीला नवरा-बायको दोघांनी निबंधकासमोर येऊन सह्या करायच्या असतात, सोबत तीन साक्षीदार. तुमचे पती येऊ शकत नाहीत, आणि त्यांनी यायचंही नाही: ज्या देशात जिवाला धोका म्हणून आश्रय घेतला तिथे परत गेलं तर आश्रयच धोक्यात येतो. ‘मी नवऱ्याची सही मॅनेज करतो’ म्हणणारा एजंट प्रत्येक तालुक्याला असतो. त्याच्या नादी लागू नका. नवरा अमेरिकेत असल्याची सरकारी नोंद आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर त्याची सही, हे दोन कागद एका टेबलावर आले की खरं लग्नसुद्धा खोटं ठरतं.

मग काय करायचं? ग्रामपंचायतीकडून ‘या विवाहाची नोंद आमच्या रजिस्टरला आढळत नाही’ असा लेखी दाखला घ्या. त्याला जोडून लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, रेशन कार्ड, मतदार यादीतलं दोघांचं नाव, मुलांचे जन्म दाखले. आणि दोन प्रतिज्ञापत्रं, लग्न प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांची. तुमची किंवा नवऱ्याची चालत नाहीत.

या प्रतिज्ञापत्रांवर जरा जास्त वेळ घालवा. तहसीलबाहेर टाइप करून मिळतं ते असं असतं: ‘मी उभयतांना ओळखतो, ते पती-पत्नी आहेत, हे खरे आहे.’ याला वजन नाही. हवं ते असं: लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि जन्मगाव, तुमच्याशी नातं काय, आणि मग, ‘मी नवरीचा सख्खा मामा. हळदीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला हजर होतो. लग्न अमुक तारखेला, अमुक गावी, मुलीच्या घरासमोरच्या मांडवात लागलं, विधी अमुक भटजींनी केले.’ माहीत आहे तेवढंच लिहायचं. दोघांची वाक्यं सारखी नकोत, एकाच टाइपिस्टने कॉपी-पेस्ट केलेलं लगेच कळतं.

मुलांच्या जन्म दाखल्यात खानदेशात हमखास होणारी एक गोष्ट आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, म्हणून मुलीचा दाखला चोपड्यात शोधून मिळणार नाही. माहेर शिरपूरकडचं असेल तर तिथल्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत, म्हणजे धुळे जिल्ह्यात. दाखला मिळाला की तीन रकाने तपासा: बाळाचं नाव लिहिलंय की कोरं आहे, आईचं नाव माहेरचं आहे की सासरचं, आणि वडिलांचं नाव आय-५८९ शी जुळतं का. नाव कोरं असेल तर ते आता भरून मिळेल का ते निबंधकाकडे विचारा, आणि ते पासपोर्टच्या आधी करा. नोंदच नसेल तर वर्षापेक्षा जुन्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, आणि २०२५ पासून राज्यात अशा उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. त्यामुळे वेळ धरून चला. तोवर अनुपलब्धतेचा दाखला आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हाताशी ठेवा. उताऱ्यात गुरुजींनी अंदाजाने लावलेली १ जून तर नाही ना, तेही बघा. जन्म दाखला एक तारीख सांगतो आणि शाळा दुसरी, तर जन्म दाखला धरायचा आणि फरकाचं कारण लिहून द्यायचं. दडवायचा नाही.

नावांचं तसंच. आधारवर ‘सुनंदाबाई’, पासपोर्टवर ‘सुनंदा’, माहेरच्या कागदावर वडिलांचं नाव आणि वेगळं आडनाव: आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, तिकडच्या अधिकाऱ्याला त्या तीन बाया वाटतात. आय-७३० मध्ये ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना आहे, त्यात सगळी लिहिलेली असावीत. राहिली असतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

मराठी कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यावरच्या मजकुरासकट. भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून सही करायची. नोटरी सक्तीची नाही. चांगलं इंग्रजी येणारे शिक्षकही करू शकतात, फक्त ते घरचे नसावेत असं मी सुचवेन. तुमचं आधीचं एखादं भाषांतर ‘सारांश’ असेल तर ते पुन्हा करून घ्या.

जादा पुराव्याची नोटीस आली तर ती नवऱ्याला किंवा वकिलाला जाते, तुम्हाला नाही. म्हणून नवऱ्याने घर बदललं की दहा दिवसांत एआर-११ भरून पत्ता कळवायचा, आणि चालू अर्जावरचा पत्ताही वेगळा बदलायचा. नोटिशीला उत्तर देण्याची मुदत जास्तीत जास्त ८४ दिवस, टपालाने आली तर वर ३ दिवस. ती वाढवून मिळत नाही. आणि उत्तर एकदाच, सगळं एकत्र द्यायचं. अर्धे कागद आज, उरलेले पुढच्या महिन्यात असं केलं तर जे आलं त्यावरच निकाल लागतो. मुळ कागद कुरियरने पाठवू नका, स्वच्छ स्कॅन पुरतो. मूळ प्रती मुलाखतीला लागतील.

पासपोर्ट आत्ताच काढा. मुलगी सज्ञान आहे, ती स्वतः अर्ज करेल. मुलाच्या अर्जात मेख आहे. वडील परदेशी असले की लोक सांगतात, ‘त्यांना तिथल्या भारतीय वकिलातीतून संमतीपत्र पाठवायला सांगा.’ आश्रय घेतलेल्या माणसाने स्वतःच्या देशाच्या वकिलातीत जाऊन काम करून घेणं त्याच्याच अंगाशी येऊ शकतं. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर आईने एकटीने द्यायचं परिशिष्ट ‘सी’ आहे, त्याने अर्ज होतो. त्यात कारण काय लिहायचं ते वकिलाला विचारून ठरवा. आश्रयाची हकिकत त्यात लिहायची गरज नाही, आणि गावातही ती सांगत फिरू नका.

मुलीच्या वयाची काळजी तुम्ही केली आहे. वय मोजतात ते नवऱ्याने आय-५८९ दाखल केला त्या दिवशीचं. त्या दिवशी ती २१ च्या आत होती आणि तिचं नाव त्या अर्जात होतं, तर पुढे २३ ची झाली तरी हक्क जात नाही. जातो तो लग्नाने. अमेरिकेत पाऊल ठेवेपर्यंत ती अविवाहित असली पाहिजे. स्थळं येत असतील, भाऊबंद घाई करत असतील, तर सुपारी फोडून ठेवा, लग्न लावू नका. लग्न लागलं की तिचा अर्ज संपला, आणि नंतरच्या घटस्फोटाच्या भरवशावर राहू नका.

सासूबाई यात बसत नाहीत, हे आजच घरात स्पष्ट सांगा. हा अर्ज फक्त जोडीदार आणि २१ च्या आतली अविवाहित मुलं यांच्यासाठी आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचा नवरा, अमेरिकेचा नागरिक झाल्यावर आईसाठी वेगळा अर्ज करू शकतो. पण त्याने ग्रीन कार्ड घ्यायला हरकत नसली, तरी तुम्ही पोचायच्या आधी नागरिकत्वाची घाई वकिलाला न विचारता करू नये. ते झालं की आय-७३० चा रस्ता बंद होऊन दुसरे, फीचे अर्ज भरावे लागतात.

मंजुरी आली म्हणजे व्हिसा आला असं नाही. फाईल पुढे परदेशातल्या कार्यालयाकडे जाते आणि तुम्हाला मुलाखतीचं बोलावणं येतं. दिल्ली की मुंबई हे पत्रात लिहिलेलं असेल, तेच धरा. भुसावळहून दोन्हीकडे गाड्या आहेत, पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोचा, त्याच सकाळी नको. वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, जळगावच्या डॉक्टरांचा अहवाल चालत नाही. १५ वर्षांवरच्यांचा छातीचा एक्स-रे निघतो, तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाची आधी टीबीसाठी रक्ताची तपासणी होईल. एक्स-रेत डाग दिसला तर थुंकीचं कल्चर करतात, त्याला आठ आठवडे लागतात. घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर उपचारांची जुनी फाईल आत्ताच शोधून ठेवा. तपासणी मात्र बोलावण्याआधी करू नका, ती साधारण सहा महिनेच ग्राह्य असते.

मुलाखतीत संशय आला तर फाईल परत अमेरिकेला जाते आणि पुन्हा महिने मोजायची वेळ येते. म्हणून आय-५८९ ची ती प्रत तुम्ही स्वतः, मराठीत समजून घेऊन, दोनदा तरी वाचलेली असू द्या. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणा.

सगळं जमलं की पासपोर्टवर विमानात बसण्यापुरता कागद चिकटवतात. तिकीट आपल्या खर्चाने. तिथे उतरल्यावर आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, तुमच्यासमोर एएस-२ (जोडीदार) आणि मुलांसमोर एएस-३ (मूल) लिहिलंय का, नाव बरोबर आहे का, ते लगेच तपासा. त्याच दिवसापासून काम करता येतं, आणि एक वर्ष राहिल्यावर ग्रीन कार्डचा आय-४८५ भरता येतो.

तोवर टुरिस्ट व्हिसाच्या फंदात पडू नका. नवरा तिथे, अर्ज चालू, म्हणजे तुम्ही परत येणार नाही असं धरून तो बहुधा नाकारतात, आणि त्या अर्जात लिहिलेला प्रत्येक शब्द पुढे याच फाईलशी ताडला जातो. ‘साहेबांशी ओळख आहे, पन्नास हजारांत मंजुरी’ असे फोनही येतील. खरी चौकशी ‘डॉट गव्ह’ने संपणाऱ्या पत्त्यावरून येते, व्हॉट्सअॅपवर पैसे मागून नाही.

तीन पावत्यांचं काय निघालं ते खाली कळवा. दोनच किंवा एकच निघाली तर मुलांच्या अर्जाला काय काय जोडायचं ते मी वेगळं लिहितो.