चॅलेंजरची टकटक आणि साठ दिवसांचा हिशेब

वाचकाचा प्रश्न (संक्षिप्त): मी ३४ वर्षांचा आहे. मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो. पगार वर्षाला १,१२,००० डॉलर. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी चार वर्षांची आहे. दर महिन्याला ६,३०० डॉलर हातात येतात. घरभाडं आणि पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता धरून ५,३०० खर्च होतात. बँकेत १२,००० डॉलर शिल्लक, ४०१(के) या निवृत्ती खात्यात ४१,०००. गेल्या वर्षी २०१६ ची डॉज चॅलेंजर आर/टी (५.७ लिटरचं हेमी इंजिन, ऑटोमॅटिक, ८४,००० मैल) १७,८०० डॉलर रोख देऊन घेतली. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या गाड्यांच्या मिरवणुकीआधी तिला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप; किट ७,८००, बसवणं आणि ट्यूनिंग ३,०००), एक्झॉस्ट म्हणजे धुराचे पाइप (१,४००) आणि नवी चाकं-टायर (२,३००) करायचे आहेत. एकूण १४,५००. वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी मिळतंय. नाहीतर ४०१(के)वर कर्ज घ्यावं, किंवा वर्षभर ४०१(के)चं योगदान थांबवावं, असा विचार आहे. डॉजने चॅलेंजर बंद केल्यामुळे पुढे किंमत वाढेलच. सकाळी थंड इंजिनातून थोडी टकटक येते, पण हेमीत ते चालायचंच म्हणतात. पत्नी म्हणते गाडी विकून टाक. हौसेला मोल नसतं, हे तिला कसं समजावू?

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. सुपरचार्जरबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय आणि टकटकीला अर्ध वाक्य दिलंय. माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तेच आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

५.७ हेमीत दोन प्रकारची टकटक सर्रास आढळते. पहिली एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या, बोल्टची. मॅनिफोल्ड तापतो, निवतो, पुन्हा तापतो. वर्षानुवर्षं असं चाललं की एखादा बोल्ट तुटतो आणि त्या फटीतून जळका वायू टकटक करत बाहेर पडतो. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट मिटते आणि आवाज विरतो. हा खर्च सहसा हजार डॉलरच्या आसपास असतो. तुटका बोल्ट सिलिंडर हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातच, अडकला असेल तर थोडा जास्त. दुसरी टकटक लिफ्टरची, म्हणजे इंजिनाच्या झडपा उचलणाऱ्या भागाची. लिफ्टरच्या खाली बारीक रोलर असतो आणि तो कॅमशाफ्टवर, म्हणजे झडपा चालवणाऱ्या दांड्यावर, फिरतो. त्याचं बेअरिंग गेलं की रोलर फिरायचा थांबतो आणि कॅम खरवडायला लागतो. हा आवाज इंजिन तापलं तरी जात नाही. या इंजिनात लिफ्टर बाहेर काढायचे तर दोन्ही सिलिंडर हेड उतरवावे लागतात, कॅमसाठी रेडिएटरपासून पुढचा सगळा भाग मोकळा करावा लागतो. दोन-तीन दिवसांची मजुरी धरा. चार ते सहा हजार डॉलरची तयारी हवी.

म्हणून उद्या सकाळी बॉनेट उघडून थंड इंजिनाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. वीस मिनिटं गाडी चालवून आल्यावर पुन्हा करा. दोन्ही रेकॉर्डिंग घेऊन हेमी उघडण्याची सवय असलेल्या मेकॅनिककडे जा आणि तपासणीचे दीड-दोनशे डॉलर आनंदाने द्या. त्याच भेटीत ऑइल बदलून घ्या आणि जुना फिल्टर मागून घरी आणा.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याकडे २०११ ची मस्टँग जीटी आहे, पाच लिटरची, आणि प्रत्येक ऑइल चेंजनंतर तिचा फिल्टर मी गॅरेजमध्ये कापून बघते. पत्र्याचं कवच काढायचं, आतला घड्यांचा कागद सुरीने सोडवायचा, पंख्यासारखा उलगडून तेल निथळू द्यायचं, मग उन्हात तिरपा धरायचा. स्वच्छ कागद नुसता काळपट तपकिरी दिसतो. इंजिन आतून झिजत असेल तर घड्यांच्या तळाशी रांगोळीसारखी चमचम दिसते. त्यावरून चुंबक फिरवा. चिकटली तर ती लोखंडाची, आणि तुमच्या इंजिनात लोखंड झिजतंय म्हणजे पहिला संशय कॅम आणि लिफ्टरवर. अजून खात्री हवी असेल तर वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो, त्याला साधारण चाळीस डॉलर पडतात. १४,५०० डॉलरचा निर्णय घेण्याआधी एवढा खर्च मला अगदी किरकोळ वाटतो.

आता सुपरचार्जर. टकटक निव्वळ बोल्टची निघाली तरी माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक यांत्रिक. २०१५ च्या मॉडेलमध्ये डॉजने स्वतः सुपरचार्जर बसवून हेलकॅट काढली, ७०७ हॉर्सपॉवरची. तेव्हा त्यांनी ५.७ वर नुसता सुपरचार्जर ठेवला नाही. इंजिन ६.२ लिटरचं वेगळं बांधलं, पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, घातले, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) ९.५ वर आणलं. तुमच्या आर/टीचं कॉम्प्रेशन साडेदहाच्या आसपास आहे आणि पिस्टन ओतीव. कमी बूस्टवर (सुपरचार्जरच्या कमी दाबावर), उत्तम ट्यूनिंग करून अशी इंजिनं चालतात, मी चाललेली पाहिली आहेत. पण चूक झाली की पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते आणि मग प्रश्न थेट नव्या इंजिनाचा होतो. ८४,००० मैल झालेल्या, टकटक करणाऱ्या इंजिनावर तो धोका कर्ज काढून घ्यावा, असं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगणार नाही.

दुसरं कारण तुमचा व्हिसा. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय इथेच ठरतो. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा इथलं आवरायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तुमचा महिन्याचा खर्च ५,३०० आणि शिल्लक १२,०००. म्हणजे सव्वादोन महिने. आवरायचं ठरलं तर त्यातूनच भाड्याचा करार मोडणं, तिकिटं, सामान पाठवणं आणि पुण्याचा हप्ता. गाडी बरोबर नेता येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते, तुमची दोन्हीत बसत नाही. म्हणजे ती इथेच विकावी लागणार, आणि तीही घाईत. घाईत विकताना मूळ अवस्थेतली, सगळ्या पावत्या असलेली आर/टी कुठलाही डीलर दोन दिवसांत घेतो. सुपरचार्जर लावलेल्या गाडीसाठी तशीच आवड असलेला गिऱ्हाईक शोधावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. डीलर अशा गाडीला हात लावायला कचरतो, कारण ती आधीच्या मालकाने कशी चालवली असेल याचा त्याला भरवसा नसतो. तुम्ही घातलेल्या १४,५०० पैकी फार थोडे परत येतील.

किंमत वाढण्याबद्दल म्हणाल तर डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली हे खरं आहे. पण ५.७ आर/टी डॉजने वर्षानुवर्षं आणि भरपूर बनवल्या. १९७० ते १९७४ मधल्या जुन्या चॅलेंजरचं उदाहरण लोक देतात, तेव्हा ते बहुतेक ४२६ हेमीवाल्या गाडीबद्दल बोलत असतात. त्या मोजक्याच बनल्या, आणि आज त्यांना भाव मिळतो तो मूळ इंजिन, त्यावरचा मूळ नंबर, मूळ रंग शाबूत असेल तर. तुम्हाला पुढच्या किमतीची खरंच आशा असेल तर तिला हात न लावणं हाच त्याचा मार्ग आहे.

पैसे कुठून आणायचे याचे तुमचे तीन पर्याय बघू. वैयक्तिक कर्ज: १४,५०० डॉलर, १२ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता महिना ३२२ आणि एकूण व्याज ४,८५० च्या घरात. महिन्याच्या हजार डॉलर बचतीतला तिसरा हिस्सा पाच वर्षं तिकडे जाणार. ४०१(के)वरचं कर्ज त्याहून गोड दिसतं, कारण व्याज आपल्याच खात्यात जमा होतं आणि तुमच्या ४१,००० वर निम्म्यापर्यंत, म्हणजे २०,५०० पर्यंत ते बहुधा मिळेलही. पण नोकरी सुटली की बहुतेक योजनांमध्ये ते थकीत धरलं जातं. उरलेली रक्कम त्या वर्षाच्या कर विवरणाच्या मुदतीपर्यंत दुसऱ्या निवृत्ती खात्यात भरली नाही, तर ती उत्पन्न धरून कर लागतो, आणि तुमच्या वयाला वर दहा टक्के दंड. ज्या महिन्यात पगार थांबेल त्याच्या पाठोपाठ हे बिल येणार.

तिसरा पर्याय, योगदान थांबवण्याचा, तुम्हाला बिनखर्चाचा वाटतोय. तो तसा नाही. तुम्ही पगाराच्या सहा टक्के, म्हणजे ६,७२० डॉलर भरता आणि कंपनी त्यावर निम्मे घालते असं तुम्ही सोबतच्या तक्त्यात दिलंय. म्हणजे कंपनीचे ३,३६०. थांबलात तर ६,७२० वर तुमच्या बाबतीत बारा टक्के केंद्राचा आणि सव्वाचार टक्के मिशिगनचा कर कापून हातात साधारण ५,६३० येतील. ते मिळवण्यासाठी कंपनीचे ३,३६० सोडायचे. हा व्यवहार मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की विम्याचा हप्ता कमी करण्यासाठी पीआयपीची (अपघातातल्या उपचारांच्या विम्याची) मर्यादा उतरवणार. २०२० च्या जुलैपासून मिशिगनमध्ये तशी मुभा आहे. पण अपघातातल्या उपचारांसाठी हेच संरक्षण कामाला येतं आणि मागच्या सीटवर तुमची चार वर्षांची मुलगी बसते. तिथे हात लावू नका. हप्ता वाचवायचाच असेल तर मर्यादा तशीच ठेवून दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवून बघा. आणि पुढेमागे गाडीत कुठलाही बदल केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा. वेगळी भर घेतल्याशिवाय बाहेरून बसवलेल्या भागांची भरपाई बहुतेकदा फारच तुटपुंजी मिळते.

तर मग करायचं काय? टकटक बोल्टची निघाली तर गाडी ठेवा. मी मनापासून सांगते, ठेवा. तुम्ही लिहिलंय की सातवीत असताना वहीच्या मागच्या पानावर अशा गाड्या काढायचात. कर्ज न काढता घेतलेल्या त्या गाडीत काहीच चूक नाही. हौसेला मोल असतंच, फक्त ते दर महिन्याला थोडं थोडं चुकवायचं. बँकेत गाडीचं एक वेगळं खातं उघडा आणि पगार झाला की त्यात २०० डॉलर टाका. वर्षाचे २,४०० होतात. त्यातून वेळेवर ऑइल, ५डब्ल्यू-२० ग्रेडचं, एका वेळी सात क्वार्ट. पुढे स्पार्क प्लग, आणि या हेमीला ते सोळा लागतात, आठ नाहीत. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक. टायर झिजले की चांगले घ्या, पण त्याच मापाचे. मिशिगनच्या खड्ड्यांत आणखी बुटक्या कडेचे टायर म्हणजे वाकलेली चाकं.

हिवाळ्यात दर पंधरवड्याला गाडी खालून धुऊन घ्या. हे मी स्वतः महागात शिकले. गाडी घेतल्याच्या पहिल्याच वर्षी मी ऐटीत नवी चाकं घातली आणि खालचं बघायचं राहिलं. पुढच्या मार्चमध्ये एका सिग्नलला ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. रस्त्यावरच्या मिठाने मागची ब्रेक लाइन कुरतडली होती. वेग कमी होता म्हणून निभावलं. घरी नेलेल्या टो ट्रकवर नवी चाकं लखलखत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

उरलेले ८०० दर महिन्याला आणीबाणीच्या शिलकीत. सहा महिन्यांचा खर्च म्हणजे ३१,८००, आज १२,००० आहेत. दोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. तिथे पोचल्यावर, किंवा ग्रीन कार्ड हातात आल्यावर, एक्झॉस्ट जरूर करा. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग तेवढा बदला. कन्व्हर्टर काढणं केंद्रीय कायद्यात बसत नाही, मिशिगनमध्ये धुराची तपासणी नसली तरी. मूळ पाइप पुसून गॅरेजमध्ये ठेवा, विकताना परत बसवता येतील.

टकटक लिफ्टरची निघाली तर मात्र मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. पाच हजार खर्चून दुरुस्त करा, पावती आणि काढलेल्या भागांचे फोटो जपून ठेवा, घेणाऱ्याला सगळं खरं सांगा आणि वसंत ऋतूत विका, तेव्हा या गाड्यांना मागणी असते. कारण दुरुस्तीनंतर तुमच्याकडे ७,००० उरतील आणि साठ दिवसांचं घड्याळ असलेल्या तिघांच्या कुटुंबाला ते पुरत नाहीत. न दुरुस्त करता विकलीत तर डीलर दुरुस्तीच्या खर्चाहून जास्त कापेल.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जा, गाडी आज आहे तशीच घेऊन. १९९५ पासून चाललेल्या त्या मिरवणुकीत निव्वळ धुऊन-पुसून आणलेल्या कितीतरी जुन्या गाड्या असतात आणि लोक त्यांच्याभोवतीच थांबतात. त्याच दिवशी मुलीला हॅमट्रॅमिक दाखवा, पहिल्या चॅलेंजर तिथल्या डॉजच्या कारखान्यात बनायच्या. आणि पत्नीला समजावण्याआधी त्या दोन रेकॉर्डिंगपैकी थंड इंजिनाचं तिला ऐकवा. मेकॅनिक काय म्हणाला ते कळवलंत तर पुढचे आकडे मी पुन्हा मांडून देईन.